उशाखालची गुलालाची पुडी

कर्करोगाच्या रुग्णाला मानसिक आधार देताना त्याच्या श्रद्धेला हात घालावा की घालू नये, यावर कोल्हापुरात गेल्या काही दिवसांत मी तीन वेळा वाद ऐकला. एकदा सभागृहात, एकदा लग्नाच्या पंगतीत आणि एकदा रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या मंडळींत. तिन्ही ठिकाणी तो एकाच वळणावर जाऊन अडकला. एक बाजू म्हणाली, देवाचं नाव घेतलं की निम्मा आजार पळतो, मग दवाखान्यात भजन-प्रवचन का नको? दुसरी म्हणाली, आज दवाखान्यात देव शिरला की उद्या बुवा शिरेल आणि परवा केमो बंद पडेल. भांडण पेटलं ते देवानं गाठ विरघळते की नाही यावर. गाठ विरघळवण्याचं काम कुणी समुपदेशकाकडे कधी दिलं होतं का? ज्या बाईला रात्री दोन वाजता झोप लागत नाही, तिच्या मनात त्या वेळी काय चाललेलं असतं, हा प्रश्न तिन्ही ठिकाणी कुणीच विचारला नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. श्रद्धा वॉर्डात आणावी की नाही हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण ती आधीच आलेली आहे. रुग्णाच्या उशाखाली जोतिबाचा गुलाल असतो, आदमापूरच्या बाळूमामाचा भंडारा असतो, बाबूजमाल दर्ग्यातला धागा मनगटाला असतो, नरसोबाच्या वाडीचा अंगारा कपाळाला असतो. आपल्या हातात एवढंच ठरवणं आहे, की ही श्रद्धा कुणाच्या ताब्यात सोडायची. देवऋषाच्या, की प्रशिक्षण घेतलेल्या, उपचारांची माहिती असलेल्या आणि चूक केली तर जाब देणाऱ्या माणसाच्या? मी या दुसऱ्या माणसाच्या बाजूचा आहे. रुग्णाची इच्छा असेल तर त्याच्या श्रद्धेच्या भाषेत मानसोपचार व्हावा, रुग्णालयाच्या आत व्हावा आणि कडक मर्यादेत व्हावा.

हे मत मी पुस्तकं वाचून बनवलेलं नाही. माझी आत्या उत्तरेश्वर पेठेत राहायची. माघातले जोतिबाचे पाच खेटे तिनं बावीस वर्षं अनवाणी पायांनी केले. रविवारी पहाटे अंधारात निघायची, डोंगर चढायची, पुरणपोळीचा डबा बरोबर. तिला स्तनाचा कर्करोग निघाला तो मार्गशीर्षात. ऑपरेशन झालं आणि केमोची दुसरी सायकल नेमकी माघात आली. डॉक्टरांनी गर्दीत जायला मनाई केली, आणि ती बरोबरच होती, कारण केमोनंतर आठवडा-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली गेलेल्या असतात आणि साधा ताप जिवावर बेतू शकतो. पण मनाई करणाऱ्यांपैकी कुणाला हे माहीत नव्हतं, की आत्याच्या हिशेबात कर्करोगाचं कारण आणि चुकलेला खेटा ही एकच गोष्ट होती. आदल्या वर्षी गुडघ्याच्या दुखण्यामुळं तिचा एक खेटा चुकला होता. "माझ्या हातनं एक खेटा चुकला तर ही गत, आता पाचीच्या पाची चुकल्यावर काय ठेवणाराय त्यो माझं?" हे ती मला म्हणाली ते केमोची बाटली लावलेली असताना, अगदी हळू आवाजात, शेजारच्या खाटेवरच्या बाईला ऐकू जाऊ नये म्हणून.

त्या रुग्णालयात समुपदेशक होत्या. त्या आल्या, दहा मिनिटं बसल्या, पॉझिटिव्ह राहा म्हणाल्या. आत्यानं खेट्याचं बोलणं काढलं तेव्हा त्या म्हणाल्या, देवाधर्माचं आपण नको बोलायला मावशी, ते माझ्या कामात बसत नाही. त्यांना मी दोष देत नाही, त्यांना तसंच शिकवलेलं होतं. पण त्या उठून गेल्या आणि त्यांची जागा रिकामी राहिली नाही. आठवड्याभरात नात्यातल्या कुणीतरी एका देवऋषाला घरी आणलं. तो तिच्यासमोर दोन तास बसला. तिचं सगळं ऐकून घेतलं, खेट्यांचा हिशेब विचारला, सासरचं-माहेरचं दैवत विचारलं आणि शेवटी सांगितलं, की ही करणी आहे, एकवीस दिवस सुई टोचून घ्यायची नाही. आत्याची पुढची सायकल सतरा दिवस लांबली. आम्ही पोरं ओरडलो, रडलो, तेव्हा कुठं ती परत गेली. त्या सतरा दिवसांनी तिचं किती आयुष्य गेलं हे मी सांगू शकत नाही. पण ज्या दिवशी समुपदेशक "माझ्या कामात बसत नाही" म्हणाल्या, त्याच दिवशी देवऋषाला दार उघडून मिळालं, हे मला स्वच्छ दिसतं.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे घेतो. ते हलके नाहीत, आणि कोल्हापुरात बसून तर ते हलके म्हणताच येणार नाहीत. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. १६ फेब्रुवारी २०१५ ला याच शहरात कॉम्रेड गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या आणि चार दिवसांनी ते गेले. अंधश्रद्धेविरुद्ध बोलण्याची किंमत ज्या गावानं इतक्या जवळून पाहिली, तिथले विवेकवादी कार्यकर्ते दवाखान्यात 'श्रद्धा' हा शब्द ऐकून सावध होणारच. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं ते म्हणतात तेव्हा त्यांच्या म्हणण्यात वजन असतं. आज प्रार्थना, उद्या ताईत, परवा 'कॅन्सरमुक्ती शिबिर'. कर्करोगाचा रुग्ण हा माणसांतला सगळ्यात घाबरलेला माणूस असतो. घाबरलेल्या माणसाला कुणीही काहीही विकू शकतं. त्यात धर्मांतराची भीती, एका धर्माच्या रुग्णावर दुसऱ्या धर्माचे संस्कार लादले जाण्याची भीती, सरकारी दवाखान्यात एकाच देवाचा फोटो लागण्याची भीती. यातली एकही भीती काल्पनिक नाही.

उलट मी त्यांच्या पारड्यात आणखी एक वजन टाकतो. अमेरिकेत ३४५ कर्करुग्णांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आजाराशी झुंजताना जे धर्माचा खूप आधार घेत होते, त्यांना शेवटच्या आठवड्यात व्हेंटिलेटरवर ठेवण्याचं प्रमाण इतरांच्या जवळजवळ तिप्पट निघालं. चमत्काराची आशा सुटत नाही, म्हणून नळ्या सुटत नाहीत, असा त्याचा सरळ अर्थ लावता येतो. श्रद्धा माणसाला शांत मरण देते, हे आपण फार सहज बोलतो. ती कधी कधी मरण लांबवते आणि यातनामय करते.

मग मी माझ्या मताला का चिकटून आहे? कारण त्याच संशोधकांच्या गटातून २०१३ साली पुढचा अभ्यास आला. ज्या रुग्णांना आध्यात्मिक आधार फक्त बाहेरच्या धार्मिक मंडळींकडून मिळत होता, त्यांच्याकडे शेवटच्या दिवसांत आक्रमक उपचार जास्त झाले आणि हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या काळात आजाराशी झुंजण्याऐवजी दुखणं हलकं करणारी, सेवा कमी घेतली गेली. पण तसाच आधार जिथं उपचार करणाऱ्या पथकाकडूनही मिळाला, तिथं कल उलटा झाला. हॉस्पिस वाढलं, आयसीयूत मरणं कमी झालं. श्रद्धा तीच आणि आजार तोच असून ती कुणाशी बोलली गेली यानं फरक पडला. ज्याला आजार कळतो अशा माणसाशी रुग्ण देवाबद्दल बोलला, तेव्हा त्याला वस्तुस्थितीही ऐकू आली. आमच्या देवऋषाची आणि त्या समुपदेशकांची गोष्ट मला या अभ्यासात पुन्हा भेटली.

कायद्याचा धाकही नीट समजून घ्यायला हवा, कारण वादात त्याचं नाव फार घेतलं जातं आणि तो वाचलेला क्वचित असतो. दाभोलकरांच्या हौतात्म्यानंतर महाराष्ट्रात आलेला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून गंडेदोरे, मंत्रतंत्र करणं हा गुन्हा मानतो. तोच कायदा प्रदक्षिणा, यात्रा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन यांना स्पष्टपणे वगळतो. त्याहून जुना १९५४ चा केंद्रीय कायदा चमत्कारी औषधांच्या जाहिरातींवर बंदी घालतो आणि त्यातल्या आजारांच्या यादीत कर्करोगाचं नाव आहे. म्हणजे मी जी रेघ मागतो आहे ती कायद्यानं आधीच ओढून ठेवलेली आहे. उपचार अडवला किंवा बरं करण्याचा दावा केला, तर गुन्हा. दुःखात देवाचं नाव घेतलं, तर माणसाचा हक्क. दाभोलकरही आयुष्यभर हेच सांगत राहिले, की आपला लढा देव मानणाऱ्या माणसाशी नाही, त्याच्या शोषणाशी आहे. त्यांच्या नावानं दवाखान्यातून श्रद्धेचा शब्दच हद्दपार करणारे त्यांचं अर्धंच ऐकतात.

पुराव्याचं काय? इथं माझ्या बाजूचे लोक सगळ्यात जास्त घसरतात, म्हणून जरा थांबून बोलतो. कर्करोगात मानसोपचारानं आयुष्य वाढतं, अशी मोठी आशा १९८९ साली निर्माण झाली होती. पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ८६ स्त्रियांच्या अभ्यासात गटोपचार घेतलेल्या बायका सरासरीनं जवळजवळ दुप्पट काळ जगल्या असं दिसलं. जगभर त्याचा गाजावाजा झाला. २००१ साली २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग जास्त काटेकोरपणे केला, तेव्हा आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. मात्र मनाचा त्रास कमी झाला होता, दुखणं कमी जाणवत होतं. प्रार्थनेचंही तसंच. २००६ साली हृदयाच्या बायपासच्या १,८०० हून अधिक रुग्णांवर मोठा प्रयोग झाला. अनोळखी लोकांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केल्या. काही फायदा झाला नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना पक्कं माहीत होतं, त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच निघाली. तेव्हा देवाच्या नावानं पेशी बऱ्या होतात हे ज्यांना सिद्ध करायचं आहे, त्यांनी माझ्या लेखाचा आधार घेऊ नये.

पण मन बरं होण्याचं काय? दीर्घ आजार आणि नैराश्य दोन्ही असलेल्या १३२ रुग्णांवर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेहमीचा मानसोपचार आणि रुग्णाच्या धर्माशी जोडलेला मानसोपचार यांची तुलना केली गेली. दोन्ही सारखेच उपयोगी ठरले. ज्यांची श्रद्धा खोल होती त्यांना धर्माशी जोडलेला थोडा जास्त लागू पडला. हा निकाल कुणाला फिका वाटेल, मला तो फार मोलाचा वाटतो. श्रद्धेनं मानसोपचार बिघडत नाही, आणि श्रद्धाळू माणसाला तो जवळचा वाटतो, एवढं यातून कळतं. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कर्करोग केंद्रात विल्यम ब्राइटबार्ट यांनी नाझी छळछावणीतून वाचलेल्या व्हिक्टर फ्रँकल यांच्या विचारांवर आधारलेली पद्धत तयार केली. जगण्याचा अर्थ शोधायला मदत करणारी. बळावलेल्या कर्करोगाच्या २५३ रुग्णांवर तिची कसोटी झाली आणि निराशा, हताशपणा कमी झालेला दिसला. त्या पद्धतीत देव लागत नाही. नास्तिक रुग्णाला ती तशीच देता येते. पण उत्तरेश्वर पेठेतल्या माझ्या आत्याला 'जगण्याचा अर्थ' असं विचारलं असतं तर ती गप्प बसली असती. "जोतिबा तुला आता काय म्हणत असंल?" असं विचारलं असतं तर ती तासभर बोलली असती.

हाच माझा मुख्य मुद्दा आहे. दुःख ज्या भाषेत झालेलं असतं त्याच भाषेत ते सुटतं. केमोनं केस गेले की शहरातली शिकलेली मुलगी आरशात दिसणाऱ्या चेहऱ्यासाठी रडते. साठीची सवाष्ण बाई रडते ती वेगळ्या कारणानं. तिच्या लहानपणी तिनं घरातल्या विधवा आजीचं डोकं पाहिलेलं असतं आणि बोडकं डोकं म्हणजे काय हे तिच्या हाडात मुरलेलं असतं. नवरा जिवंत असताना हे आपल्या वाट्याला आलं, या लाजेवर विग हे उत्तर होऊ शकत नाही. उपवासाचं तसंच. वजन उतरत चाललंय, तोंड सोललंय, आणि बाई संकष्टी, गुरुवार, एकादशी सोडायला तयार नाही. आहारतज्ज्ञ रागावतात, ती मान डोलावते आणि घरी जाऊन उपवास धरते. आजाऱ्याला नियम शिथिल असतात हे आपल्याच परंपरेत आहे, त्याला आपद्धर्म म्हणतात. आजारी माणसाला रमजानच्या रोज्यातून सूट कुराणानंच दिली आहे. हे सांगायला धर्मगुरू लागत नाही, पण हे माहीत असलेला समुपदेशक मात्र लागतो.

आणि आपल्या जिल्ह्याचं एक खास उदाहरण. शिरोळ, हातकणंगले भागात जैन समाज मोठा आहे. उपचार थकल्यावर एखादे आजोबा सल्लेखनेबद्दल, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडून मरण स्वीकारण्याच्या जैन व्रताबद्दल, विचारतात. ज्या समुपदेशकाला हा शब्द माहीत नाही तो फाइलवर 'आत्महत्येचे विचार' असं लिहील आणि मनोविकारतज्ज्ञाला बोलवेल. ज्याला माहीत आहे तो आधी हे शोधेल, की हा खरोखर व्रताचा विचार आहे, की दुखणं असह्य झाल्यामुळं, किंवा पोरांवर खर्चाचा बोजा नको म्हणून, मरणाची इच्छा व्रताचं नाव घेऊन आली आहे. हा फरक ओळखणं फार अवघड आहे. राजस्थान उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१५ मध्ये या व्रताला आत्महत्येच्या रांगेत बसवलं आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. न्यायालयांना जिथं इतकं जपून पाऊल टाकावं लागतं, तिथं 'धर्माचं माझ्या कामात बसत नाही' म्हणून चालेल का?

श्रद्धाळू बाजूवर माझा राग जास्त आहे, हेही लिहिलंच पाहिजे. कीर्तनकार बोलवा, हॉलमध्ये स्पीकर लावा, सकाळी सगळ्यांकडून स्तोत्र म्हणवून घ्या, असं ज्यांना श्रद्धाधारित उपचार म्हणजे वाटतं, त्यांनी कृपा करून बाजूला व्हावं. तो रुग्णांवर अन्याय आहे. सत्यशोधक घरातला, आयुष्यभर देव न मानलेला एखादा गिरणी कामगार त्या हॉलमध्ये असेल, त्यानं काय करायचं? मरताना त्यानं आपला विचार सोडावा अशी आपली इच्छा आहे का? आणि श्रद्धाळू रुग्णालाही या कार्यक्रमांतून काय मिळतं? 'देवावर सोडा', 'श्रद्धा ठेवा, सगळं चांगलं होईल'. मग चांगलं झालं नाही की तो समजतो आपली श्रद्धा कमी पडली. कर्करोग झाला हा पहिला घाव, आणि श्रद्धेत नापास झालो हा दुसरा. हा दुसरा घाव घालणारी माणसं प्रेमळ असतात, नात्यातली असतात, प्रसाद घेऊन येतात.

देव आपल्याला शिक्षा करतोय, देवानं आपल्याला टाकलंय, अशा विचारांचा त्रास किती खोल जातो याचा अभ्यास केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञानं केला आहे. २००१ साली त्यांच्या गटानं रुग्णालयात दाखल झालेल्या जवळजवळ सहाशे वयस्क रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. ज्यांचं मन देवाशी अशा झगड्यात अडकलं होतं, त्यांच्यात पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचं प्रमाण काहीसं जास्त होतं. श्रद्धेचं विष असंही असतं. ते उतरवायचं कसं? देव नाहीच असं सांगून? आत्याला तसं सांगितलं असतं तर तिनं सांगणाऱ्याचीच कीव केली असती.

इथं आपली भक्तिपरंपरा जे देते ते मला दुसरीकडे कुठं सापडलेलं नाही. वारकरी संतांनी देवाशी भांडायला परवानगी दिली. जनाबाईनं विठ्ठलाला शिव्या घातल्या, आणि गावोगावच्या बायका त्या शिव्या प्रेमानं गातात. तुकोबांनी दुष्काळात बायको आणि मुलगा गमावला, दिवाळं निघालं, आणि त्यांनी पांडुरंगाला फैलावर घेतलं. नवसानं पोरं होत असतील तर नवरा कशाला करावा लागतो, असा रोखठोक सवालही त्यांचाच. श्रद्धा आणि विवेक एकाच माणसात इतके ठासून भरलेले असू शकतात याचा याहून मोठा पुरावा काय हवा? आत्याला कुणीतरी एवढंच म्हणायला हवं होतं, की भांड की त्याच्याशी. बावीस वर्षं अनवाणी आलीस, एकदा गुडघा दुखला तर त्यानं समजून घ्यायला नको? विचार त्याला. तिच्या अपराधीपणाची गाठ तिच्याच देवाच्या साक्षीनं सुटली असती. धर्माची चिकित्सा धर्माच्या आतून करणं हे मानसोपचाराचं कौशल्य होऊ शकतं, आणि मराठी माणसाला ते परकं वाटणार नाही.

आपल्या गावाचा इतिहासही हेच दाखवतो. १८९९ मध्ये पंचगंगेवर शाहू महाराजांना वेदोक्त मंत्रांऐवजी, शूद्रांसाठीचे म्हणून, पुराणोक्त मंत्र ऐकवले गेले आणि वेदोक्ताचा वाद पेटला. महाराजांना सोपा रस्ता होता, हे सगळं झुगारून द्यायचा. काहींनी त्यांना तसंच सुचवलं असेल. पण राजवाड्यातल्या माणसाला मंत्र नकोसे झाले तरी गावोगावचा शेतकरी लग्नाला, मयताला भटजी बोलावणारच आहे, हे ते ओळखून होते. म्हणून त्यांनी धर्मावरचा मक्ता मोडला. १९२० साली बहुजन मुलांना पौरोहित्य शिकवणारं वैदिक विद्यालय काढलं, ब्राह्मणेतरांचे धर्मगुरू म्हणून क्षात्रजगद्गुरूंचं पीठ उभं केलं. या मार्गावर त्यांच्याच काळात टीका झाली, आजही होते, आणि त्यातली काही मला पटते. पण त्यांना कळलेली गोष्ट आपण विसरलो आहोत. लोकांच्या आयुष्यातली जी जागा तुम्ही मोकळी सोडता, ती दुसरा कुणीतरी भरतो, आणि तो कोण असावा हे मग तुमच्या हातात राहत नाही. गाडगेबाबांनीही देवळांकडे पाठ फिरवून व्याख्यानं दिली नाहीत, कीर्तनालाच उभे राहिले आणि कीर्तनातच लोकांकडून बोकडाच्या बळीविरुद्ध वदवून घेतलं. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आज टाटाला उपचार घेणाऱ्या कर्करुग्णांना आसरा देते. आपल्या भागातले कितीतरी लोक मुंबईत पहिल्यांदा पाठ टेकतात ते तिथंच.

आधुनिक कर्करोग-शुश्रूषेचा उगमही याहून वेगळा नाही. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स या श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या, आणि मॉर्फिन वेळेवर, मोजून, दुखणं परतायच्या आत द्यायचं हे शास्त्रही त्यांनीच रुजवलं. शरीराचं, मनाचं, कुटुंबाचं आणि आत्म्याचं दुखणं मिळून एकच वेदना होते, असं त्या म्हणत. देशातलं पहिलं हॉस्पिस, वांद्र्याचं शांती आवेदना सदन, १९८६ साली सुरू झालं. मॉर्फिन आणि प्रार्थना यांचं एकमेकांशी वैर आहे असं तिथं काम करणाऱ्या कुणालाच वाटलं नाही. वैर लावलं ते आपण, बाहेर बसून.

हे काम करणार कोण, हा प्रश्न उरतो, आणि खरी अडचण इथंच आहे. समुपदेशक देव मानणारा असायलाच हवा का? मुळीच नाही. १९९२ च्या एका छोट्या अभ्यासात धार्मिक रुग्णांवर धर्माशी जोडलेले मानसोपचार ज्यांनी सगळ्यात चांगले केले, ते उपचारक स्वतः धार्मिक नव्हते. त्यांना रुग्णाची भाषा शिकवली होती, तेवढं पुरलं. बाहेरच्या धार्मिक माणसांशी सहकार्य करता येतं का? तेही येतं, फक्त पथ्य पाळून. तमिळनाडूत एरवाडीला ऑगस्ट २००१ मध्ये साखळदंडानं बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले, ते श्रद्धेच्या नावानं चाललेल्या उपचाराचं सगळ्यात काळं पान. त्यानंतर गुजरातमध्ये उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' नावाचा प्रयोग झाला. मुजावरांना मानसिक आजार ओळखायला शिकवलं, दर्ग्याच्या आवारातच डॉक्टर बसवले. लोक दुआ मागतात आणि गोळ्याही घेऊन जातात. दर्ग्यात डॉक्टर बसू शकतो, मग दवाखान्यात देवाबद्दल ऐकून घेणारा माणूस का बसू शकत नाही?

त्याच्या मर्यादा लिहून दाराला लावाव्यात. विषय रुग्णानं काढायचा, समुपदेशकानं नाही. दक्षिणा नाही, पुडी नाही, मूर्ती नाही, बरं होण्याचं वचन नाही. उपचार थांबवण्याचा सल्ला दिला तर त्याच दिवशी काम बंद. नैराश्य खोल असेल तर मनोविकारतज्ज्ञ आणि गोळ्या, प्रार्थनेची वाट पाहत बसायचं नाही. आणि नको म्हणणाऱ्याला पुन्हा विचारायचं नाही.

असं काम करणारी एक व्यक्ती त्या रुग्णालयात होती, फक्त तिच्या हुद्द्यात ते नव्हतं. एमआरआयला नेताना आत्याचं मंगळसूत्र काढायला सांगितलं. धातू आत चालत नाही. आत्या खुर्चीवरून उठेना. पंचेचाळीस वर्षांत ते गळ्यातून उतरलं नव्हतं. तंत्रज्ञ घड्याळ बघत होता, मागं चार पेशंट रांगेत. तेवढ्यात एक वयस्क सिस्टर आल्या. बहुतेक ख्रिश्चन असाव्यात, गळ्यात बारीक क्रॉस होता. त्यांनी आपल्या पर्समधून हळकुंड बांधलेला पिवळा दोरा काढला. असे दोरे त्या करूनच ठेवत असत म्हणे. आत्याच्या गळ्यात तो बांधला, गाठ मारली, मंगळसूत्र तिच्याच ओच्यातल्या रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "चला आक्का, आता धातू न्हाई आणि गळा पण मोकळा न्हाई." आत्या उठली आणि आत गेली. अर्धा मिनिट लागला असेल.

आत्याचा केसपेपर अजून माझ्याकडे आहे. वय, वजन, रक्तगट, साखर, मिश्री लावता का, घरात कुणाला आहे का, सगळं भरलेलं. 'धर्म' असाही एक रकाना आहे, त्यात माझ्याच अक्षरात 'हिंदू' लिहिलंय. खिडकीवरच्या माणसानं तो मला विचारला होता. आत्या शेजारी बाकावर बसली होती, मुठीत गुलालाची पुडी धरून, आणि तिला कुणी काही विचारलं नाही.